शंभर कोणाचे?

बाई दुकानात शिरल्या की आधी बिल मागत आणि मग वस्तू. “बिल देणार असाल तर एक साबण द्या,” असं म्हणणारं गिऱ्हाईक रेवदंड्याच्या बाजारात दुसरं कोणी नव्हतं. त्या लांबून येताना दिसल्या की दुकानदार गल्ल्याखालची बिलबुकं वर काढून ठेवत. कारण बिल नसेल तर बाई साबण तिथेच ठेवत आणि जाता जाता दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांना कर म्हणजे काय ते समजावून सांगत. साबण खपला नाही तरी चालेल पण हे प्रवचन आवरा, अशी वाण्याची अवस्था होई. घरी आल्यावर ते बिल पडवीतल्या तारेला टोचलं जाई. शेजारीपाजारीही आपापली बिलं आणून देत. पंख्याचं, मिक्सरचं, ट्रकच्या टायरचं. आमचं खरं पाठ्यपुस्तक त्या तारेला लटकलेलं असे आणि खाडीवरून वारा आला की फडफडत असे.

बाई मुरुडकडच्या एका शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात भावाच्या घरी राहत, आणि भाऊ गेल्यावर त्याच्या मुलाच्या, हरेशच्या घरी. घर तेच, पडवी तीच. त्या पडवीत त्या आठवी ते दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवायच्या. फी ठरलेली नव्हती. कोणी नारळ आणे, कोणी सुके बोंबील, आणि कोणी काहीच आणत नसे. जो काहीच आणत नसे त्याला फळ्याजवळ बसवत, म्हणजे त्याला लाजेने मागे बसायची सवय लागू नये.

गावात त्यांना सगळे ‘शंभर बाई’ म्हणत. त्याचं कारण त्यांचा एकच प्रश्न. टक्केवारीचं कुठलंही उदाहरण असो, विक्रीकराचं, सवलतीचं, नफ्याचं, पोरगं आकडेमोड करायला लागलं की बाई त्याची पेन्सिल धरायच्या. “टक्के कुठे पळून जात नाहीत. आधी सांग, शंभर कोणाचे?” म्हणजे हे टक्के कशावर काढलेत? छापील किमतीवर, सवलतीनंतरच्या किमतीवर, की कर मिळवून झालेल्या रकमेवर? त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं याच एका गोष्टीवरून होत होती. दोन माणसं एकच टक्का बोलतात, पण शंभर दोघांचे वेगळे असतात, आणि हे दोघांनाही ठाऊक नसतं.

हे पटवायला त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, आणि त्यात आमच्याच भागातल्या वाडीतल्या शंभर सुपाऱ्या. फळ्यावर जे डोक्यात शिरत नसे ते चटईवर सुपाऱ्या मांडल्या की शिरे. एकदा उदाहरण होतं, अठरा टक्के कर धरून पंख्याची किंमत अकराशे ऐंशी रुपये, तर मूळ किंमत किती? नितेश नावाच्या पोराने झटक्यात अकराशे ऐंशीचे अठरा टक्के काढले, वजा केले आणि उत्तराखाली दोन रेघा मारून छाती फुगवून बसला. बाई म्हणाल्या, “छान. आता या तुझ्या उत्तरावर पुन्हा अठरा टक्के चढव, बघू अकराशे ऐंशी येतात का.” त्याने चढवले. अडतीस रुपये आणि वर काही पैसे कमी पडले. “मग हे अडतीस रुपये कुठे गेले? भरतीत वाहून गेले?” नितेश खरोखरच वहीखाली बघायला लागला. मग बाईंनी चटईवर शंभर सुपाऱ्यांशेजारी अठरा सुपाऱ्या ठेवल्या, जास्तीच्या अठरा शेजारणीकडून उसन्या आणून, आणि म्हणाल्या, “कर लावला तो या शंभरावर. तू काढतोयस या एकशे अठरावर. शेजारणीच्या सुपारीवर कसला कर लावतोस रे?” पोराचा चेहरा उजळला. मूळ किंमत हजार, हे त्याने ओरडून सांगितलं. पुढे तो ट्रकच्या धंद्यात पडला, आणि आजही टायरचं बिल हातात आलं की ते आधी उलटं सोडवतो असं त्याची बायको सांगते.

बाईंना बाजारात घेऊन जाणं म्हणजे विकतचं दुखणं होतं, पण आमच्या आईला त्याची हौस. एका दिवाळीला आम्ही तिघी रिक्षाने अलिबागला साड्या घ्यायला गेलो. दुकानावर कापडी फलक होता, ‘पन्नास टक्के + वीस टक्के सूट’. विक्रेत्या पोराने आईला सांगितलं, “मावशी, पन्नास आणि वीस, सत्तर टक्के सूट आहे, डोळे मिटून घ्या.” बाईंनी डोळे उघडेच ठेवले. म्हणाल्या, “असं कर, पन्नास अधिक पन्नास लाव. मग साडी फुकट देशील ना?” पोरगा गोंधळून मालकाकडे बघायला लागला. पहिल्या पन्नासनंतर शंभराची साडी पन्नासची झाली, पुढचे वीस टक्के त्या पन्नासावरचे, म्हणजे दहा, म्हणजे एकूण सूट साठ. हे बाईंनी काउंटरवरच्या पिनांनी मांडून दाखवलं. तोवर साड्या बघणाऱ्या बायका साड्या सोडून पिना बघायला जमल्या. मालक गुजराती, व्यवहाराला पक्का. हात जोडून म्हणाला, “बेन, तुम्ही चाय घ्या, साडी घ्या, पण रविवारी नका येऊ.” बाईंनी चहा घेतला, साडी घेतली आणि बिलही घेतलं.

शिकवताना त्यांची मराठी पुस्तकी, अगदी स्वच्छ. पण राग आला की जन्माची आगरी बोली उसळून वर येई. “आरं, काल त सांगलंय तुना, आज परत तीच गारी खड्ड्यात!” त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. “मिठावर कर नाही,” त्या म्हणत, “म्हणून लहानपणी कर बघायला मिळाला नाही. त्याची हौस आता फेडून घेते.” आणि पेपरात कोणी फापटपसारा लिहिला की तांबड्या शाईचा शेरा ठरलेला, ‘मीठ जास्त झालं.’

आता माझ्या वडिलांकडे वळते, कारण पुढची सगळी गोष्ट बाई आणि ते यांच्यातली आहे.

वडिलांचा मांडव डेकोरेशनचा धंदा. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आणि मांडव म्हणजे हळदीची अब्रू. मांडव ठरवण्याची एक रीत होती. दोन्हीकडची माणसं बसत, मांडववाला आपला भाव सांगे आणि त्यावर दहा टक्के चढवे. मग नवरदेवाचा मामा नारळ पुढे करी, आणि त्या नारळाचा मान म्हणून मांडववाला दहा टक्के सोडून देई. चढवले तेवढे सोडले, भाव होता तिथे आला, मामाचा मान राहिला, सगळे खूश. आमच्या आजोबांनीही असंच केलं होतं. न चढवता सरळ भाव सांगणाऱ्या मांडववाल्याला गावात कोणी उभं केलं नसतं, कारण मग मामाने सोडवून काय घ्यायचं?

हरेशचं लग्न ठरलं तेव्हा मांडव अर्थातच वडिलांचा. बैठक बाईंच्याच पडवीत झाली. मी तेव्हा दहावीत होते, चहाचे कप फिरवत होते. वडिलांनी दहा टक्के चढवले, मामांनी नारळ दिला, वडिलांनी दहा टक्के सोडले, आणि मामा म्हणाले, “झालं, जिथल्या तिथं आलं.” बाई कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला. मला त्याच क्षणी कळलं की आता काही खरं नाही.

“जिथल्या तिथे कसं येईल?” बाई म्हणाल्या. “चढवले ते शंभरावर. सोडले ते एकशे दहावर. एकशे दहाचे दहा टक्के अकरा.” आणि त्यांनी डबा उघडला. शंभर सुपाऱ्या, पानाच्या तबकातल्या दहा त्यात मिळवल्या, मग त्यातून अकरा बाजूला काढल्या. “मोजा. नव्व्याण्णव. मांडववाल्याचा शंभराला एक गेला. प्रत्येक लग्नात गेला. तुझ्या बापाचाही गेला असेल.”

मामा चिडले. “बाई, तुमी आपल्याकरच्या का त्यांच्याकरच्या?”

“मी शंभराकडची,” बाई म्हणाल्या.

कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. वडिलांचा चेहरा मात्र मांडवाच्या झालरीसारखा लाल झाला. भाव त्यांनी बदलला नाही, बोलला शब्द तो शब्द. पण उठताना त्यांनी बाजूला काढलेल्या सुपाऱ्यांतली एक उचलली, खिशात टाकली आणि म्हणाले, “चार मानसांत मना अडानी ठरवलाव, बाई. ही माजी शंभरावी. ही मी नेतंय.” आणि चपला घालून चालते झाले.

त्या दिवसापासून वडील बाईंशी बोलेनात. मला क्लासला जाऊ नको असं कधी म्हणाले नाहीत, पण बाईंच्या दारावरून टेम्पो नेताना मान समुद्राकडे वळवत. बाईंनी काही मनाला लावून घेतलं नाही. उलट टक्केवारीच्या तासाला डबा उघडला की माझ्याकडे बघून म्हणत, “नव्व्याण्णव आहेत. एक हिच्या बापाकडे राहिली आहे.” सगळा वर्ग खिदळे. मीही हसत असे, पण घरी येऊन हे सांगायची सोय नव्हती. इकडे बाई, तिकडे वडील, मधल्यामध्ये माझी सुपारी अडकित्त्यात.

लग्न झाल्यावर हरेशने पडवीला भिंती घालून पर्यटकांसाठी खोल्या काढायचं ठरवलं. किनाऱ्यावर घरोघरी तेच चाललं होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याला नवा संसार मांडायचा होता. “आत्या, तुझी खोली तुलाच हाय,” तो म्हणाला, “फकत पडवी मना लागंल.” बाईंनी लगेच मान डोलावली. घर त्याचं, म्हणाल्या, त्याचे शंभर त्याचे. पण क्लासला जागा उरली नाही. शाळेची खोली नियमात बसेना, देवळाच्या सभागृहात लग्नसराईची आधीच आरक्षणं झालेली. संक्रांत उलटून गेली होती आणि दहावीची परीक्षा तोंडावर होती.

मग एक दिवस बाईंनी तारेवरची बिलं उतरवली. दिघीला त्यांची धाकटी बहीण राहायची. त्या तिच्याकडे जाणार होत्या. “तिला सोबत होईल,” म्हणाल्या. मी विचारलं, “आणि तुम्हाला?” बाई थोडा वेळ बिलं सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, “खरं सांगू? शिकवणं सुटलं तर मी जेवून झोपणारी म्हातारी होईन. मला त्याची भीती वाटते.” बाईंना भीती वाटते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि मला तर माझीच भीती वाटत होती, कारण बाईंशिवाय बीजगणितात मी सपाटून आपटणार ही काळ्या दगडावरची रेघ होती. मी घरी गेले आणि वडिलांसमोर बसून रडले. मांडव मागायचं मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही. वडील जेवत होते. भात अर्धा टाकून ते उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेश सायकलवरून ओरडत आला, “चल लवकर, बाईंचं लगीन हाय!”

आमच्या नारळाच्या वाडीत, रस्त्याच्या कडेला, मांडव उभा होता. गुलाबी झालरी, सोनेरी खांब आणि पुढे ‘शुभविवाह’ लिहिलेली कमान, कारण बाकीचं सामान नागावच्या हळदीला गेलं होतं. आत सतरंज्या अंथरलेल्या, फळ्यासाठी बांबूची चौकट. आणि बाईंसाठी नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्यांपैकी एक. बाई पदर सावरत आल्या, कमान वाचली आणि मांडवाच्या दारातच थांबल्या. वडील शिडीवरून उतरून समोर येऊन उभे राहिले. खिशातून सुपारी काढली आणि पुढे केली.

“घ्या. वर्गात रोज माजं नाव काढताव आसं आयकलंय.”

बाईंनी सुपारी घेतली. “मांडवाचं भाडं किती?”

“भाडं नाय.”

“असं कसं? भाडं सांग आणि बिल दे. बिलाशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.”

वडील डोकं खाजवत म्हणाले, “बाई, इतकी वर्सं शंभराला एक चुकून सोडलाय मी. आता जानून सोडतंय. चुकून सोडला तवा दुखला नाय, जानून सोडला त कशाला दुखंल?”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. “शंभर कोणाचे?” एवढंच विचारलं.

“तुमचेच, बाई. दुसऱ्या कोनाचे?”

तरी बिल त्यांनी घेतलंच. वडिलांनी बिलबुक काढून लिहिलं, मांडव एक, सूट शंभर टक्के, एकूण शून्य. ते बिल बांबूला बांधलेल्या तारेवर सगळ्यांत पुढे लागलं, आणि त्या दिवशीचं पहिलं उदाहरण तेच होतं. सूट शंभर टक्के असेल तर कर किती? नितेश बराच वेळ विचार करत होता.

त्या वर्षी आम्ही लग्नाच्या मांडवात दहावी केली. बाई मखमली खुर्चीत बसून समीकरणं सोडवायच्या. रस्त्यावरून जाणारे पर्यटक गाडी थांबवून नवरी कुठे आहे म्हणून विचारायचे आणि बाई हात वर करायच्या. एखादी लग्नाची तिथी आली की रात्रीतून गुलाबी झालर जाई आणि दोन दिवसांनी पिवळी नाहीतर हिरवी येई. खुर्ची मात्र वडिलांनी परत कुठल्याही लग्नाला दिली नाही. आम्ही सगळे पास झालो. मला बीजगणितात इतके गुण पडले की आईने निकाल दोनदा वाचून घेतला.

त्यानंतर बरीच वर्षं संक्रांत झाली की वाडीत मांडव पडत होता. शेवटी बाईंचे गुडघे बोलायला लागले आणि त्या दिघीला बहिणीकडे गेल्याच. त्यांना सोडायला मी आणि वडील आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत गेलो. टेम्पोत एक ट्रंक आणि ती लाल खुर्ची. फेरीबोटीच्या फळीवर चढताना बाईंनी सुपाऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला. “मोजून घे,” म्हणाल्या, “आता शंभर आहेत.” बोट सुटली तेव्हा त्या कठड्याशी त्या लाल खुर्चीत बसल्या होत्या आणि भोवतीचे लोक त्यांच्याकडे टकमक बघत होते. वडील बोट पलीकडे लागेपर्यंत जेट्टीवरून हलले नाहीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच, बहिणीने सांगितलं, उशाशी किराणा दुकानाचं बिल होतं. मी खूप रडले. आजही दिवसातून एकदा तरी त्यांची आठवण येते, कारण मी आता अलिबागला एका कर सल्लागाराकडे काम करते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी तोच प्रश्न विचारते. साहेब हसतात, पण निम्मे घोटाळे तिथेच सुटतात हे त्यांनाही आता माहीत झालंय.

सुट्टीच्या दिवशी मी वाडीतल्या मांडवात शिकवते. यंदा पहिल्या दिवशी सगळी नवी पोरं होती. वडील आता थकलेत, पण कमानीची शेवटची गाठ स्वतःच मारायची म्हणून शिडीवर चढले होते. मी पहिलं उदाहरण घातलं. एका मांडववाल्याने भावावर दहा टक्के चढवले आणि मग दहा टक्के सोडले, तर शंभराचे किती राहिले?

“शंभर!” पोरं एका सुरात म्हणाली.

मी डब्याला हात घालणार एवढ्यात शिडीवरून आवाज आला, “शंभर कोनाचे, ता इचारलंव काय कोनी?”

पोरांनी दचकून वर बघितलं. वडील दोरी तशीच लोंबकळत सोडून सावकाश एकेक पायरी उतरले, माझ्या हातातला डबा घेतला आणि सतरंजीवर मांडी घालून सुपाऱ्या मांडायला लागले. मी खडू खाली ठेवला आणि पोरांमध्ये जाऊन बसले.